आवाजाची हजेरी

॥ श्री ॥

मु. कोपरखार, ता. अलिबाग
पौष वद्य द्वादशी, शके १८७८

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी शिवदासाचा साष्टांग नमस्कार. आपला दमा थंडीत बरा असेल, मामींचे गुडघे जिना चढत असतील, आणि पेणेत आपल्या शाळेचे टोल पूर्वीसारखेच मिनिटाला पडत असतील, अशी आशा करतो. माझी प्रकृती उत्तम आहे. अब्रू तेवढी आजारी आहे, आणि तिच्याबद्दलच हे पत्र आहे. सवडीने, चष्मा पुसून वाचावे.

आपण मला या नोकरीला लावलेत तेव्हा म्हणाला होतात, "शिवदास, पोरांच्या बाजूने उभा राहा, बाकी सगळे आपोआप होते." मामा, मी उभा राहिलो. बाकी काहीही आपोआप झाले नाही. उभे राहून माझे पाय मात्र गुडघ्यापर्यंत खाडीच्या चिखलात गेले (हे अलंकारिक नाही, माझे एकुलते धोतर अजून करडे आहे).

प्रकरण नीट कळावे म्हणून आधी भूगोल सांगतो. आमची शाळा सातवीपर्यंतची आणि दोन मास्तरांची. त्यातल्या दुसऱ्या मास्तरांची जागा गणपतीपासून रिकामी आहे, म्हणजे दोन्ही मास्तर मीच. शाळा गावात आहे. गावाच्या पुढे खाडी, आणि खाडीपलीकडे मिठागरात काम करणाऱ्यांचा पाडा. तिथून अकरा मुले शाळेत येतात. म्हणजे खाडीला वाटेल तेव्हा येतात. ओहोटीला पाणी घोट्याशी असते, भरतीला दोन पुरुष. होडी एकच आहे, ती मिठागराच्या शेठची, आणि शेठचे म्हणणे असे की होडी मिठासाठी आहे, पोरांसाठी नाही. (मिठाला शिक्षणाची इतकी ओढ असेल असे मला वाटले नव्हते.) आता आपली शाळा अकरा ते पाच, आणि भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. त्यामुळे पंधरवड्यातले जेमतेम पाच-सहा दिवस घड्याळाचे आणि खाडीचे पटते. बाकीचे दिवस ही पोरे एक तर येऊ शकत नाहीत, नाहीतर आली तर घरी जाऊ शकत नाहीत.

भरतीची वेळ काढायची इथली रीत मला पहिल्याच आठवड्यात कळली, आणि ती शिकवणारी तुळशी होती. सातवीतली ही एकच मुलगी पलीकडची. बाप कोंडाजी मिठागरात, आई बायजा मिठागरात, आणि हिचे डोके कुठे आहे ते मी पुढे सांगतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला. म्हणून या अकरा जणांना पाऊणकी अशी पाठ आहे की आपल्या पेणच्या हुशार मुलांनी पाणी भरावे. पहिल्या दिवशी मी विचारले, "सात पाऊण किती?" तर तुळशी उठून म्हणाली, "सव्वापाच. सप्तमीचा पानी." तिला पाढा आणि पाणी निरनिराळे आहेत हे माहीतच नव्हते. मामा, त्या दिवशी मी या पोरीच्या बाजूने उभा राहायचे ठरवले, आणि माझे ग्रह फिरले.

मी शिक्षण खात्याकडे अर्ज केला. विषय: शाळेची वेळ तिथीप्रमाणे ठेवण्याबाबत. सोबत पूर्ण वर्षाचे कोष्टक जोडले, ते करायला दिवाळीची सुटी गेली. पंधरा दिवसांनी कचेरीचे उत्तर आले की सरकार निधर्मी असून शाळेचे वेळापत्रक हिंदू पंचांगावर चालविता येणार नाही. मी पुन्हा लिहिले की भरती ही धर्मावर नव्हे, चंद्रावर अवलंबून आहे, आणि तो मुसलमान, ख्रिस्ती सर्वांचा आहे. त्यावर उत्तर आले, "चंद्र या खात्याच्या अखत्यारीत येत नाही." ते पत्र मी जपून ठेवले आहे. इतके खरे वाक्य त्या कचेरीतून पुन्हा बाहेर पडणार नाही.

मग मी स्वतःच वेडेपणा केला. मुलांना खाडी ओलांडता येत नाही, तर मास्तराने ओलांडावी. सकाळी ओहोटी असेल त्या दिवशी मी पहाटे पलीकडे जायचो, मिठाच्या कोठाराच्या सावलीत दोन तास शिकवायचो आणि पाणी चढायच्या आत परत येऊन अकराला गावातली घंटा द्यायचो. महिनाभर सुरेख चालले. पलीकडे फळा नव्हता म्हणून मिठागराच्या कोरड्या वाफ्यात काठीने गणिते लिहायचो. मागल्या महिन्यातली त्रैराशिके तिथे अजून वाळत असतील.

आता ऐका. त्या दिवशी द्वितीया आहे असे मी धरले, आणि भरती दीड वाजता. पण मामा, मी घाटावरचा माणूस. पंचांगात त्या पंधरवड्यात प्रतिपदा लागोपाठ दोन दिवस होती, हे माझ्या लक्षात आले नाही. एका प्रतिपदेने माझी पाऊण तासाने मान कापली. साडेनऊला मी धोतर खोचून खाडीवर आलो तर समोर पाणी छातीला. तुळशी मागून आली आणि मला लाज वाटू नये अशा बेताने हळूच म्हणाली, "मास्तर, आज बीज न्हाय, परत पाडवाच हाय. आता चार-साडेचारशिवाय वाट न्हाय." मी मुकाट्याने वाफ्यात परत गेलो आणि दशांश अपूर्णांक सुरू केले. आणि मामा, वर्षातून एकदा येणारे तपासणीचे साहेब नेमके त्याच दिवशी आले.

गावाकडच्या काठावर पांढरी टोपी दिसली तेव्हा मी हातातली काठी टाकून पाण्याशी आलो. शाळा उघडी, घंटा टांगलेली, गावातली बत्तीस पोरे अंगणात विटीदांडू खेळत, आणि मास्तर नाहीत. त्या बत्तिसांनीच साहेबांना हौसेने बांधावर आणून उभे केले आणि बोट करून दाखवले, "ते पाहा मास्तर!" मी वाकून नमस्कार केला. मधे भरलेली खाडी. साहेब काही ओरडले. वाऱ्याने अर्धे गेले, उरले त्यातला "खुलासा" हा शब्द मला स्वच्छ ऐकू आला.

मग मी धीर केला. मी ओरडून सांगितले की पलीकडची मुले हजर आहेत, साहेबांनी कॅटलॉग घ्यावा आणि हजेरी घ्यावी. साहेब माणूस वाईट नव्हता, किंवा त्याला दुसरे काही काम नव्हते. त्याने खरोखरच हजेरीचा कॅटलॉग मागवला आणि बांधावर उभे राहून एकेक नाव पुकारले. इकडून एकेक जण कमरेवर हात ठेवून, छाती फुगवून "हजर!" म्हणून ओरडला. अकराच्या अकरा. मामा, मी नऊ वर्षे हजेऱ्या घेतो आहे; पण इतक्या जोराने हजर असलेली मुले मी पाहिली नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणी आले. (वाराही होता.) मग साहेबांनी परीक्षा म्हणून विचारले, "अकरा पाऊण?" आणि तुळशीने इकडून आरोळी दिली, "सव्वाआठ! एकादशीचा पानी!" पलीकडे बत्तीस पोरांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा मला वाटले की आपण जिंकलो. माणसाला असे वाटते तेव्हा त्याने लगेच घरी जाऊन कडी लावून बसावे, पण माझ्या आणि घराच्या मधे खाडी होती.

चारच्या सुमारास पाणी उतरत आले. साहेबांना शेवटची मोटार गाठायची होती, आणि त्याआधी खुलाशावर माझी सही. तुळशी ओरडली, "सायब, थांबा! वरून सुका दिसतो, खाली गाळ हाय!" पण पाढा विचारणे निराळे आणि सल्ला ऐकणे निराळे. साहेब चार पावले आले आणि कमरेपर्यंत गेले. टोपी तेवढी कोरडी राहिली. मी धावलो आणि त्यांच्या अलीकडेच रुतलो, त्यामुळे खात्याचे दोन नोकर एकमेकांकडे पाहत एकाच पातळीवर आले; नऊ वर्षांत हा योग पहिलाच. शेवटी तुळशीने मीठ सपाट करायची लांब फळी आणून गाळावर आडवी टाकली, त्यावर पालथी पडून हात दिला आणि आधी साहेबांना, मग मला बाहेर काढले. साहेबांचा एक बूट खाडीने ठेवून घेतला. त्यांनी धापा टाकत विचारले, "मुली, तुझे नाव काय?" पोरीने पूर्ण नाव सांगितले, बापाचे, आडनावासह, इयत्ता सातवी. साहेबांनी ते वहीत लिहून घेतले. तुळशी आठवडाभर हवेत होती. पाड्यात सगळ्यांना सांगत होती, "सायबानी माझा नाव लिवला."

आठव्या दिवशी हुकूम आला. "शाळाभेटीचे वेळी वर्गात पलीकडील विद्यार्थी आढळले नाहीत. आवाज ऐकू आले. आवाजाची हजेरी मांडता येत नाही. सबब सतत गैरहजर राहणाऱ्या खालील अकरा विद्यार्थ्यांची नावे पटावरून कमी करावी." आणि मामा, यादीत पहिले नाव तुळशीचे होते. पूर्ण नाव. बापाचे, आडनावासह. चुकले असते तर बरे झाले असते.

हजेरी पुरती नाही म्हणून सातवीच्या फायनल परीक्षेचा फॉर्मही नाही. शाई घेऊन ती नावे मीच खोडली. हुकूम होता. तुळशी फळ्याजवळ उभी राहून पाहत होती. तिने विचारले, "मास्तर, मंग मी उद्यापासून येऊ नको?" मी दौतीचे बूच लावले. कोंडाजीला मी म्हटले की पोरीला शाळेत राहू दे, मी भांडतो. तो भला माणूस, म्हणाला, "तुमी भांडलात म्हून तर नाव गेला, मास्तर. आता भांडू नका." आणि खरेच आहे. गप्प बसलो असतो तर ती पोरे अर्धवट का होईना, पटावर राहिली असती. अर्ज मी केले, कोष्टक मी केले, साहेबाला बांधावर हजेरी घ्यायला मी लावले. वकील इतका पेटला की अशिलाला फाशी झाली.

तेव्हा मी ठरवले आहे की आता पुरे. यापुढे मी कोणाच्याही बाजूने उभा राहणार नाही, बसून राहीन. आपण वाईला ओळखीत शब्द टाकून मला कुठेही चिकटवावे. दुकानात पुड्या बांधीन. पुडीची हजेरी नसते, आणि तिची बाजू घ्यावी असे कोणाला वाटत नाही. मामींना नमस्कार. त्यांनी पाठवलेली आंबोशी संपली.

आपला हताश भाचा,
शिवदास

ता. क. पाकिटावर तिकीट नाही, हे आपल्या लक्षात आले असेलच. हे पत्र पोस्टाने आलेले नाही. तुळशीचा मामा येसाजी मिठाच्या मचव्यावर, म्हणजे छोट्या गलबतावर, तांडेल आहे. आज द्वादशी, नऊच्या पाण्याला मचवा पेणेकडे सुटतो. म्हणजे जी मुलगी हे पत्र देऊन ओटीच्या पायरीशी उभी आहे, ती तीच. आपण पत्र सावकाश वाचता हे मला ठाऊक आहे, म्हणून तिला आधी बसायला सांगावे. "भूक न्हाय" म्हणेल. ते खरे धरू नये.

ता. क. २. नाव कमी झालेल्या विद्यार्थ्याला शाळा सोडल्याचा दाखला द्यावाच लागतो. हुकमातली ती एकच चांगली गोष्ट मी लगेच उचलली. दाखला तिच्या पिशवीत आहे. आणि नव्याने दाखल झालेल्या मुलाची हजेरी दाखल झाल्या दिवसापासून मोजतात, हे आपणच मला शिकवले आहे. आपल्या शाळेतून फॉर्म भरायची मुदत शनिवारपर्यंत आहे. कोंडाजीने "भांडू नका" म्हटले होते, पण दाखल्यावर अंगठा त्यानेच दिला, आणि बायजाने तिला नवे लुगडे नेसवून मचव्यापर्यंत पोचवले. परीक्षेपर्यंत तिला ठेवून घ्यावे. मामींच्या स्वयंपाकघराची अडचण मी जाणतो. त्यांना एवढेच सांगावे की गाळात हात दिला तेव्हा हिने आमची कोणाचीच जात विचारली नाही.

ता. क. ३. वाईच्या दुकानाचे तूर्त राहू द्यावे. येत्या शके १८७९ चे पंचांग मात्र लवकर पाठवावे. दोनदा येणाऱ्या वृद्धी तिथींवर तांबड्या शाईने खुणा करून.

ता. क. ४. हे मामींना आजच सांगू नये, पण अशी अजून दहा आहेत.