पाचव्या पुस्तकातलं खोडलेलं नाव

कारा-बुलाक,
९ ऑक्टोबर २०१९, बुधवार

प्रिय गुलसाइरा,

तुला सलाम आणि खूप खूप आशीर्वाद. अल्लाहच्या कृपेने इथे सगळं ठीक आहे, तुझंही तसंच असावं. सफरचंदं काल उतरवून झाली. लाल गाय व्याली, कालवड झाली. तुझ्या दादाचा गुडघा थंडी पडली की कुरकुरतो, पण घोड्यावर बसायचं काही तो सोडत नाही. सरोवरावरचा वारा यंदा लवकर सुटला. कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहिते आहे, शाई उमटली तर खिडकीपाशी धरून वाच.

आठ वर्षांनी वहिनीचं पत्र, तेही गाय-वासरांचं, असं म्हणशील. जरा दम धर.

सकाळी पीठ मळायला बसले की अजून समोरच्या खिडकीकडे नजर जाते. मी पहाटेची नमाज आटपून परात पुढे घ्यायचे आणि तू त्या खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून उभ्याउभ्याच लिहायचीस. बसून लिहिलं तर तुझी माणसंही बसून राहतात म्हणे. कागद म्हणजे सामूहिक मेंढपाळीचं कार्यालय बंद पडलं तेव्हा मामंजींनी घोड्यावर लादून आणलेले तक्ते, पाठकोरे. पुढच्या बाजूला मेंढ्या किती, कोकरं किती, आणि मागे तुझे पंखवाले साप. तुझं हे पाठकोऱ्यांवर लिहिणं मला फार आवडायचं, कागद वाया जात नाही म्हणून. गोष्टी आवडायला लागल्या त्या नंतर.

पोस्टात कामावर जायच्या आधी तू तीन पानं वाचून दाखवायचीस. माझे हात थांबले की समासात टिंब. नाही थांबले, तर पान चुलीत.

“वहिनी, या पानाला तुझं पीठ थांबलं नाही. मेलं हे पान.”

“अगं, तुझ्या राक्षसापायी थांबले, तर नाश्त्याला काय राक्षस खायचा?”

तेवढ्यात तुझा दादा दारातून डोकं आत घालायचा. “आज कुणाचं मुंडकं उडालं?”

“तुझ्यासारख्याच एकाचं. तोही असाच मधे मधे बोलायचा.”

किती हसायचो गं आपण. मामंजी बाहेर अंगणात चहा पीत बसलेले असायचे, त्यांनाही हसू यायचं, पण ते दाढीत लपवायचे.

आणि ती नावं. मी या घरात आले तेव्हा सासरच्या थोरांची नावं तोंडात येऊ द्यायची नाहीत, हे आईने बजावून पाठवलं होतं. तुमच्या थोरल्या काकांच्या नावात लांडगा, म्हणून माझ्या तोंडी लांडगा ‘विव्हळ्या’ झाला. धाकट्यांच्या नावात सुरी, तर ती ‘चिरणारी’. मामंजींचं नाव तर घेणं शक्यच नव्हतं. बर्फातही खिंडीतून कळप बरोबर पलीकडे नेत, म्हणून मी त्यांना ‘वाट जाणणारे’ म्हणू लागले. तू हे सगळं उचललंस. तुझ्या देशात कुणालाच खरी नावं घेता येत नाहीत आणि डोंगरावरून विव्हळे उतरतात. लोक म्हणत, काय पोरीची कल्पनाशक्ती. मी मनात म्हणायचे, ही तर आमची चूल.

पदरचे पैसे घालून तू ती पुस्तकं छापायचीस आणि रविवारच्या बाजारात मधवाल्या काल्बूबूच्या शेजारी मांडून बसायचीस. काल्बूबू ओरडायची, “माझा मध चाखून बघा.” तू म्हणायचीस, “माझं चाखता येत नाही, पण मुंग्या लागत नाहीत.” काल्बूबूच गेल्या आठवड्यात घरी आली होती. तिने तुझं पत्रक दाखवलं. पाचवं पुस्तक पुन्हा निघतंय, पंचवीस तारखेला छापायला जातंय, आणि प्रस्तावनेतली चार वाक्यं पत्रकावर दिली आहेत. त्यातलं एक, ‘या पुस्तकाच्या शेवटी असलेलं माझ्या वडिलांचं नाव माझ्या भावाने खोडलं.’

गुलसाइरा, ते वाक्य छापू नकोस. ते तुझ्या दादाने केलेलं नाही. मी केलं.

तू तेव्हा खात्याच्या कामासाठी राजधानीत अडकली होतीस. प्रुफं तपासायला माझ्याकडे दिलीस, कारण मी दहावीपर्यंत शिकलेली, अक्षर सुवाच्य. शेवटच्या प्रकरणात मामंजींचं नाव एकोणीस वेळा होतं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी गठ्ठा मिटून जपाची तसबीह घेऊन बसले. मग पुन्हा उघडला. पांढरी शाई लावली आणि एकोणीस ठिकाणी ‘वाट जाणणारे’ लिहिलं. तुझ्या दादाने गठ्ठा फक्त छापखान्यात पोचवला. त्याने उघडूनही पाहिला नव्हता.

मामंजींना जाऊन वर्ष झालं, त्या जेवणाला दोनशे माणसं होती, घोडा कापला होता. वडीलधाऱ्यांसमोर छापून आलेल्या पुस्तकाचं शेवटचं पान वाचायला तू उभी राहिलीस आणि मधेच थांबलीस. महिनाभर आधी तुझा दादाच म्हणाला होता ना, की बाबांचं नाव राक्षसांच्या पुस्तकात नको. तू सगळ्यांदेखत म्हणालीस, “दादा, तू बाबांना दुसऱ्यांदा पुरलंस.” तो म्हणाला, “मी हातही लावला नाही.” तू म्हणालीस, “खोटं.” मी तेव्हा चहा ओतत होते. ओतत राहिले.

इतकी वर्षं मी मनाला सांगत आले, की धर्माची मर्यादा राखली. गेल्या रमजानात इमामसाहेबांच्या बायकोला सहज विचारावं तसं विचारलं. ती म्हणाली, “धर्मात असं कुठे काही नाही, ही आपल्या बायकांची रीत.” मग लपायला जागा उरली नाही. खरं सांगते. त्या प्रकरणात तुझी राजकन्या खिंडीत उभी राहून खरं नाव मोठ्याने घेते आणि देशावरचा शाप उतरतो. शाप, गुलसाइरा. ज्याच्यात मी बावीस वर्षं अदबीने राहिले होते, ज्यातून तुझी पाच पुस्तकं निघाली, त्याला तू शाप म्हणालीस. मला राग आला होता. त्या रागातच मी पांढरी शाई लावली.

शुक्रवारी तुझा दादा नमाजहून आला तेव्हा त्याला सांगितलं. तो खोगिराचा पट्टा शिवत होता. टाका पुरा करून त्याने दोरा तोडला. मग म्हणाला, “आठ वर्षं मी त्या पोरीला कांगावखोर म्हणत आलो.” थोड्या वेळाने, “आणि तू रोज माझ्यापुढे ताट ठेवत होतीस.” तेव्हापासून ‘मीठ दे’ याच्यापुढे तो माझ्याशी बोललेला नाही. आज सकाळी मात्र म्हणाला, “पत्र लिहून झालं की दे. टॅक्सीवाल्याच्या हातात मीच देतो, उद्या पोचेल.” तो चिठ्ठी लिहील असं वाटलं होतं, पण त्याला लिहिता येईना. दोनदा लेखणी मागितली आणि दोनदा परत दिली.

त्याला फोन कर. आधी तू कर, तो करणार नाही, तुम्ही दोघे एका मातीचे. काय बोलायचं सुचलं नाही तर कालवडीचं नाव काय ठेवायचं ते विचार.

आणि मामंजींचं नाव एकोणीस ठिकाणी छाप. माझ्याच्याने ते आजही म्हणवणार नाही, कुणी मोठ्याने वाचू लागलं तर मी उठून बाहेर जाईन, पण छाप. प्रस्तावनेत भावाच्या जागी माझं नाव घाल. ‘वहिनीने’ एवढंच लिहून मला झाकू नकोस. पूर्ण नाव लिही. ते घ्यायला कुणालाच मनाई नाही.

या घराच्या भावा-बहिणीची अपराधी,
तुझी वहिनी
बातमाकान