कोब्याखालचं पेव

आदरणीय वन्सं एर्गोये,

शितायेचा वाकून नमस्कार. तब्येत कशी आहे? गुडघे कसे आहेत? गाय कशी आहे, कालवड कशी आहे, कुंपण धड आहे ना, रात्री तरस दाराशी येत नाही ना? देवाच्या दयेने इकडे सगळं खुशाल आहे. पोरं खुशाल आहेत, छप्पर खुशाल आहे, शेजारीणसुद्धा (तिचं काय वाकडं होणार!) खुशाल आहे. तुमचा भाऊही अगदी ठणठणीत आहे, आणि माझं सगळं दुखणं तेच आहे. वन्सं, या घरात आल्यापासून मी तुमच्यापुढे कधी आवाज चढवला नाही. आजही चढवत नाही. फक्त जरा जोरात लिहिते आहे, तेव्हा कागद कुठे फाटला असेल तर समजून घ्या.

पावसाळ्याआधी तुम्ही लॉरीतून आलात, पाठीमागे एन्सेटच्या किसाची ओली गाठोडी, आणि चहासुद्धा न घेता परसात जाऊन उभ्या राहिलात. "शिताये, दिवस बरे नाहीत. रस्ता आज आहे, उद्या नाही. दुकानाच्या भरवशावर पोरं वाढवू नकोस," म्हणालात. आपण दोघींनी स्वयंपाकघर आणि पाण्याचं पिंप यांच्या मधोमध खड्डा खणला, एन्सेटची पानं अंथरली, कीस भरला, तुम्ही त्या दुखऱ्या गुडघ्यांनी तो तुडवलात, वर पानं, पानांवर धोंडे. वर्षभराची बेगमी! तेव्हा कुंपणावरून तेवाबेचबाई बघत होती. (शेजारीण. उत्तरेकडची. स्वतःच्या इंजेराशिवाय जगात कशालाही भाकरी म्हणत नाही.) ती म्हणाली, "केळीचं झाड किसायचं, पुरायचं, कुजवायचं आणि मग खायचं? अगं, तुम्हाला पोटं आहेत की काय आहे!" मी म्हटलं, "केळीचं नाही बाई, एन्सेटचं, याला केळी येत नाहीत. आणि तुझं टेफचं पीठ आंबतं ते चालतं, आमचा कोचो मुरतो तो कुजतो होय गं?" तुम्ही तेव्हा हसला होतात. मला मात्र त्या रात्रीपासून शांत झोप लागायला लागली, ती अशी की बाजारात टेफ महागलं, तेल गायब झालं, तरी मी कूस बदलली नाही. परसात पेव आहे, पोरं उपाशी राहणार नाहीत, एवढं मला पुरे होतं.

आता तुमच्या भावाची बेगमी ऐका. बुटांच्या दुकानासमोर कॉफी प्यायला जी मंडळी जमतात, त्यांच्यापैकी कुणीतरी यांना सांगितलं की आणीबाणीत माणसाला मॅकरोनी वाचवते. झालं! अमेर्गासाहेब मॅकरोनीची पोती घेऊन आले. सोबत एक बॅटरी, जिचा दांडा सतत फिरवत राहिलं तरच उजेड पडतो, म्हणजे अंधारात एका माणसाने फक्त दांडा फिरवायचा आणि दुसऱ्याने त्याच्याकडे बघायचं. मॅकरोनी उंदरांनी खाल्ली. (उंदीर वाचले. त्या मंडळींचं म्हणणं खरं ठरलं.) पुरुषाला काहीतरी साठवल्याचं समाधान हवं असतं, म्हटलं असू दे.

मग माझी धाकटी बहीण बाळंत झाली आणि मी बिशोफ्तूला गेले. निघताना बजावून सांगितलं, "अहो, पेवाला हात लावू नका. परत आले की मी उघडीन, पानं बदलीन, मग मेस्केलच्या सणाला काढू." यंदा मेस्केलला गावी जायचं म्हणजे परतीची खात्री नाही, म्हणून शहरातली सगळी भावकी आपल्याकडे जेवायला यायची होती, हे तुम्हाला ठाऊकच आहे. हे म्हणाले, "हात? शिताये, मी त्या जागेकडे डोळा वर करून कधी पाहिलेलं नाही!" वन्सं, इथेच मी सावध व्हायला हवं होतं.

परत आले तर दारात पोरं टाळ्या पिटत होती. हे माझ्या डोळ्यांवर हात ठेवून मला परसात घेऊन गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, माणसाने डोळ्यांवर हात ठेवला की बाईला आशा वाटतेच, हो. हात काढले तर काय? इथून तिथवर कोबा! सिमेंटचा, गुळगुळीत, करडा, कुंपणापासून कुंपणापर्यंत. "मेस्केलला पाहुण्यांच्या बुटांना चिखल नको," म्हणाले. आणि मधोमध, ओल्या सिमेंटमध्ये बाटल्यांची बुचं दाबून माझं नाव लिहिलेलं. मी दोन्ही हात तोंडावर दाबले. यांना वाटलं मी गहिवरले. म्हणाले, "आवडलं ना?" मी विचारलं, "पेव कुठाय?" म्हणाले, "कुठलं पेव?"

आता यांचं म्हणणं नीट ऐका, कारण यांच्या मते यात यांची काडीची चूक नाही. बायका एन्सेट किसत असताना पुरुषांनी तिकडे फिरकू नये, ही आपली रीत. कबूल. पण ती किसण्यापुरती आहे ना? या माणसाने ती स्वतःच्या सोयीने ताणून ताणून पेवापर्यंत, चुलीपर्यंत आणि भांडी घासण्यापर्यंत नेली. पिंपावर पाणी प्यायला जाताना मान वळवून जायचे म्हणे! त्यामुळे पेव आहे हे माहीत, पण कुठे आहे ते माहीत नाही. आणि गवंड्याने विचारलं होतं, वन्सं, त्या बिचाऱ्याने विचारलं होतं! "मालक, इथे धोंडे आहेत, खाली जमीन भुसभुशीत लागते, काय आहे?" तर हे तोंड फिरवून म्हणाले, "बायकांचं काहीतरी असेल, आपण विचारू नये." गवंडीही आपल्याकडचाच, संस्कारी. त्याने धोंडे उचलून बाजूला टाकले आणि जागा नाजूक म्हणून तिथे दुप्पट सिमेंट ओतलं. नाव लिहायला तीच जागा सगळ्यात सपाट मिळाली.

सण तोंडावर, आणि बेगमी माझ्याच नावाखाली गाडलेली! मी पहार आणा म्हटलं, तर हे कोब्यावर आडवे उभे. "नाव फोडायचं? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोक जेवायला येणार आहेत, वाचायला नाही." गवंड्याला बोलावलं तर तो म्हणाला, "ताई, आजवरचं माझं सगळ्यात चांगलं काम आहे हो हे," आणि डोळे पुसायला लागला. शेवटी मीच घण उचलला. पहिला घाव यांना बघवला नाही, दुसरा यांनीच मागून घेतला, कारण मी पायावर मारून घेईन अशी भीती वाटली म्हणे. (नव्हते मारून घेणार. निदान माझ्या पायावर तरी नाही.)

आता अशा दिवसांत, जिथे चार माणसं कुजबुजली तरी रस्ता ओस पडतो, तिथे भरदुपारी नवाकोरा कोबा फोडण्याचा आवाज आला की काय होतं? गल्ली जमली. कुणी म्हणालं सोनं पुरलंय, कुणी म्हणालं बंदुका. तेवाबेचबाईने सांगितलं की विजेचं मीटर बघणारा माणूस बऱ्याच दिवसांत दिसलेला नाही. तेवढ्यात केबेलेच्या वॉर्ड-कचेरीतला साहेब आला, काखेत फाइल. "खाली काय लपवलंय?" मी म्हटलं, "जेवण." "कुणाचं?" "माझ्या पोरांचं." "जेवण सिमेंटखाली ठेवतात?" वन्सं, आयुष्यात पहिल्यांदा सरकारी माणसाचं आणि माझं एकमत झालं. मी यांच्याकडे बोट केलं आणि म्हटलं, "यांना विचारा."

शेवटचा तुकडा निघाला, मी पानं उलगडली, आणि वास आला. वन्सं, तुम्हाला काय सांगायचं! पण ज्यांना सवय नाही त्यांचे चेहरे बघायला तुम्ही हव्या होतात. बंदुका शोधणारे कुंपण ओलांडून गेले. साहेबाने फाइल नाकाला लावली. मीही घाबरले होते, हात घालायचा धीर होईना. हवा नाही, पानं बदललेली नाहीत, सगळं नासलं असेल, पोरांच्या तोंडचं गेलं, असंच मनात येत होतं. मग मूठभर काढलं, पिळलं, सुरीने बारीक केलं, पानात गुंडाळून तव्यावर टाकलं. आणि वन्सं, तो कोचो असा उतरला होता, असा मऊ, असा आंबूस, की मी तिथेच चुलीपाशी बसून रडले. तुमचे पाय लागले होते त्याला, दुसरं काय! साहेबाने दोनदा मागून खाल्लं. तेवाबेचबाईने "चवीपुरतं" म्हणत ताट पुसलं.

आणि शाबासकी कुणाला मिळाली? यांना! "अमेर्गा, ही सिमेंटची युक्ती तुझी का?" आणि या माणसाने, ज्याला काल पेव कुठे आहे ते ठाऊक नव्हतं, घसा खाकरला आणि म्हणाला, "हवा लागू द्यायची नाही, हे मूळ तत्त्व." मूळ तत्त्व! आता रोज कॉफीवर यांचं व्याख्यान असतं. कोपऱ्यावरच्या शिर्गाने आपल्या बायकोचं पेव सिमेंटने बुजवलं, आणि ती मला शिव्या देत फिरते आहे. मी काय केलं गं बाई तुझं?

मेस्केल दणक्यात झाला. भावकी आली, बूट चिखलाविना आले. किटफोचा खिमा झाला, चीज झालं, भाजी झाली, आणि कोचोच्या थप्प्यांवर थप्प्या. इथवर ठीक होतं. पण प्रत्येक जण "वा अमेर्गा!" म्हणाला की हे आत यायचे आणि पानात बांधून एक गाठोडं त्याला न्यायला द्यायचे. ज्या पेवाकडे डोळा वर करून पाहायचं नव्हतं, त्यात आता दोन्ही हात कोपरापर्यंत! मी डोळे वटारले तर म्हणाले, "अगं, लोक प्रेमाने मागतात." प्रेमाने! वर्षभराची बेगमी एका सणात वाटली, वन्सं. तळाशी थोडंसं उरलंय, परातभर म्हणा. बाहेर टेफ पुन्हा चढलंय, लोक रांगा लावतात, आणि मी रात्री जागी असते. माझा संताप होतो आहे, आणि घरात तो ऐकायला कुणी नाही, कारण ऐकणारा बाहेर व्याख्यान देतो आहे.

तर माझं एवढंच मागणं आहे की तुम्ही थोरली बहीण म्हणून यांना चार शब्द सुनवा, खरमरीत. तुमचंच ऐकतात. पोरं आत्याची आठवण काढतात.

तुमची भावजय,
शिताये

ता. क. हे मागे उभे राहून वाचत होते. "माझाही नमस्कार लिही," म्हणतात, आणि लिहायला सांगतात काय, तर तुमच्या परसातही कोबा घालून देतील. मी लिहून पाठवते आहे, पण उत्तर देण्याच्या योग्यतेचं ते नाही.

दुसरा ता. क. हे गेले दुकानात, आता खरं लिहिते. मघाशी सणाचं लिहिताना एक गोष्ट गाळली. तुमच्या शेजारच्या दामोची बायको डोळे दाखवायला शहरात आली होती, सणाला आपल्याकडेच जेवली. हात धुताना सहज म्हणाली, "एर्गोयेच्या स्वयंपाकघराच्या दारातून हल्ली सरळ रस्ता दिसतो." मी म्हटलं, कसा दिसेल? मध्ये एन्सेटची एवढी दाट झाडी आहे. ती म्हणाली, "होती. आता गुडघ्याएवढी रोपं आहेत." वन्सं, तुम्ही मला सांगितलं होतंत की जास्तीची होती म्हणून तोडली. सासूबाईंच्या हातची ती झाडं, सगळीच्या सगळी आमच्या पेवात घातलीत? ती रोपं खाण्याजोगी व्हायला किती वर्षं लागतात, हे मी तुम्हाला सांगायचं का? तुम्ही खाताय काय? यांच्यावर मी चिडले ते खरं, पण यांना काय ठाऊक! तुम्हाला सगळं ठाऊक होतं. यांच्याहून दुप्पट राग मला तुमचा आलाय. आणि तुमच्या तोंडचा घास मी भावकीला वाढला, ते काही केल्या मनातून जात नाही.

तिसरा. यांना मी हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर मान खाली घालून बसतील आणि मला ते बघवणार नाही. लॉरीवाला बाडेगा हे पत्र देईल. तो शनिवारी तिकडून परत निघतो. पुढच्या सीटवर तुमच्यासाठी जागा ठेवायला सांगितली आहे, गाय-कालवड दामोकडे बांधायचं ठरवून टाकलं आहे. त्याच्याबरोबर मी मुद्दाम काहीही पाठवलेलं नाही, टेफ नाही, पैसे नाहीत, कारण पाठवलं तर तुम्ही ते ठेवून घ्याल आणि तिथेच राहाल. रस्ता अजून चालू आहे. माझं ऐका, उत्तर लिहीत बसू नका, गाडीत बसा.