कुजबुजती डरकाळी

गुरुवार, दिवेलागणीला. लातूर.

आज बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "तुमची चिऊ वर्गात बोलतच न्हाई हो. नुसते ओठ हलवती."

कुणाला सांगू? धर्माबादचं घर सोडून इथं भाड्यानं राहतोय ते थोरल्याच्या क्लाससाठी. त्याला डॉक्टर व्हायचंय. एकच खोली, मध्ये साडीचा पडदा. पडद्याच्या अलीकडं मी रोज चिऊला चित्रांचं पुस्तक वाचून दाखवते, जंगलात हरवलेल्या वाघाच्या पिल्लाचं. शेवटच्या पानावर ते डोंगरावर चढून डरकाळी फोडतं आणि त्याची आई धावत येते. ती डरकाळीसुद्धा मी कुजबुजूनच फोडते. पलीकडं दादा अभ्यास करायलाय ना.

आज पुस्तक घेऊन तिला गच्चीवर नेलं. म्हटलं, "इथं कुणी न्हाई बाळा. फोड डरकाळी. लई मोठी." आधी मीच ओरडले. शेजारच्या गच्चीवर कपडे काढणारी बाई बघतच राहिली. चिऊनं घाबरून माझ्या तोंडावर हात ठेवला अन् कानाशी येऊन म्हणाली, "आई, दादा नापास होईल."

मग तिनं डरकाळी फोडली. तोंड एवढं मोठं उघडलं, मानेच्या शिरा ताठ झाल्या. आवाज आलाच नाही.

पुस्तकातल्या पिल्लाची आई डोंगरापलीकडून धावत येते. मी तर समोरच बसले होते. मला कुठं काय ऐकू आलं?