सुमती नावाचा टूलबार

१२ जानेवारी १९९८, सोमवार

सुमती परशुराम वर्तक, आज कारखान्यात तुझ्या खुर्चीवर बसलो. तू गेलीस, परवानगी विचारण्याची सोय राहिली नाही, म्हणून येथे नोंदवितो.

तुझ्या डोंबिवलीच्या रंग-कारखान्याचे व्यवस्थापक उत्तमराव काल कोपरीला आपल्या घरी आले होते. "वर्तकसर, मॅडमनी लिहिलेले छटा काढायचे छोटे प्रोग्रॅम, ते मॅक्रो, चालतात, पण बटणांवर काय लिहिलंय ते त्यांनाच कळायचं. तुम्ही कॉलेजात कॉम्प्युटर शिकवता. सरळ नावांचा मेनू करून द्या. आणि ते 'सुमती' तेवढं काढा — नव्या मुली घाबरतात." शनिवारपर्यंत न झाल्यास तुझा ॲड-इन, म्हणजे ते सारे मॅक्रो असलेली फाइल, टाकून देऊन विकतचा प्रोग्रॅम घेणार आहेत.

एक्सेलच्या माथ्यावर रोमन अक्षरांत तुझे नाव. त्याखाली सहा बटणांची पट्टी. दुपारी कॉलेजला जावयाचे होते. तत्पूर्वी तो टूलबार पुसला.

१३ जानेवारी

यंत्र सुरू केले. तुझे नाव जागच्या जागी!

पुन्हा पुसले.

१४ जानेवारी

आजही आहेस.

कारखान्याच्या प्रयोगशाळेतील शेवंतीला विचारले, "यंत्राला कोणी हात लावला होता का?" ती परीक्षानळ्या विसळीत होती. "आमी कशाला लावू? बाय जात नाय, सर. तुमी पुसा, ती सकाळला येती." मी म्हणालो, यामागे तांत्रिक कारण असणार. "असंल," ती म्हणाली. "तुमी शिकलेले." आणि हसली.

संक्रांत होती. तिने तिळाचा लाडू दिला. तुझ्या टेबलावर ठेवला, खाल्ला नाही.

१५ जानेवारी

कारण सापडले. तू टूलबार फाइललाच जोडून ठेवला आहेस. मी पुसतो तो केवळ यंत्रावरचा. फाइल उघडली की ती स्वतःजवळची प्रत पुन्हा काढून देते. ती जोडणी सोडविली की संपले. जे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवितो, तेच तीन दिवस सुचले नाही.

की सुचू दिले नाही? खिडकी उघडलेली होती, कढत रंगाचा वास येत होता — तुझ्या पदराला येई तोच. जोडणी सोडविली नाही.

१६ जानेवारी

नवा मेनू तयार. 'छटा काढा', 'मात्रा बदला', 'नमुना जुळवा' आणि आणखी तीन नावे — अक्षरे रोमन, भाषा आपली. शेवंतीने सहाही वापरून पाहिली.

"चांगलं हाय. पन साडेपाचचं ठेवा हां, सर."

"साडेपाचचे काय?"

"तुमी दुपारला जाता, तुमाला काय ठाव. साडेपाचला ह्यो बोलतो. बाय उठायची, मंग आमीबी."

कॉलेजला निरोप धाडून थांबलो. बरोबर साडेपाचला पडद्यावर चौकट आली :

'सुमती, ऊठ आता. ते जेवायचे थांबले असतील.'

शेवंतीने हात पुसले, डबा उचलला. "बघा. रोजचंच हाय."

मी 'ओके' दाबू शकलो नाही. तिने दाबले.

१७ जानेवारी, शनिवार

जेवायला मी तुझ्यासाठी एकदाही थांबलो नव्हतो. सात म्हणजे सात, हा माझा नियम. लोकलच्या गर्दीतून तू येत असस तेव्हा माझे जेवून हात धुऊन झालेले असत, आणि तू एकटी वाढून घेत असस. सव्वीस वर्षे.

टूलबारची फाइलशी असलेली जोडणी सोडविली, मग तो पुसला. तुझे नाव आता येणार नाही. साडेपाचच्या मॅक्रोत 'सुमती' काढून 'बाई' घातले. पुढचे वाक्य तसेच ठेवले.

दाराला कुलूप लावले. किल्ल्या उत्तमरावांना परत केल्या.