सरांच्या पुस्तकाचं पहिलं पान

मंगळवार, संध्याकाळ

गुलमंडीवरून सहीशिवाय परत आले. सर गेल्यापासून त्यांच्या आकाशाच्या पुस्तकाचे हक्क दोन्ही मुलांकडे आहेत. लेकीनं, सुमीनं, नव्या आवृत्तीला केव्हाच संमती दिली. आज मुलाच्या कापडदुकानात गेले. त्यानं माझी जीर्ण प्रत उघडली, अर्पणपत्रिका वाचली: "चंद्र आपल्यासोबत का चालतो, असं विचारणाऱ्या माझ्या सुमीला." लगेच मिटली.

"ताई, एवढं पान काढा, आत्ता सही करतो."

"अहो, सख्खी बहीण आहे तुमची."

"होती. जातीबाहेर गेली, तिथंच संपलं. चहा घ्या, लई गार झाला."

आणि मी काय म्हणाले? विचार करून सांगते. कसला विचार? तिथंच नाही म्हणायचं होतं. पण मग हे पुस्तक पोरांच्या हाती कधीच येणार नाही. बाजारात तर एकही प्रत उरलेली नाही.

सुमीनं सही करताना एकच विचारलं होतं, "पहिलं पान राहील ना गं?" मी हो म्हणाले होते.

येताना रिक्षातून चंद्र दिसत होता, थेट घरापर्यंत सोबत. मी दुसरीकडे बघत बसले.