सागाचा भुसा

मु. कोसंबीटोला, ता. कुरखेडा
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय दीपिका,

जय भीम, आणि माझ्याकडून सेवा जोहार. तू बरी असशील असं लिहिणार होते, पण कशी असशील बरी? फोन मुद्दामच केला नाही. फोनवर मी पुन्हा काहीतरी जुळवून सांगितलं असतं.

इकडे आता मोह गळायला लागेल. आई बरी आहे. तू पाठवलेलं मशरूमचं, म्हणजे आमच्या सात्यांचं, बी भरून तीनशे पिशव्या आम्ही गावाच्या सामाईक गोटुलघरात टांगल्या होत्या, त्यातली एकही उरली नाही. पांढरे धागे धरलेच नाहीत. हिरवट काजळी चढली आणि असा वास सुटला, की दारात कुत्रंही बसेना. त्याआधी करून पाहिलेल्या बारा पिशव्यांना किती छान पीक आलं होतं, तुझ्याकडं फोटो आहे ना? त्याच फोटोवर आमच्या गटातल्या बायकांनी भरवसा ठेवला. यंदा तेलंगणात मिरची तोडायला कुणी गेलं नाही. मुकादमाची गाडी रिकामी परतली. मीच म्हणाले होते, बांबूच्या वाया जाणाऱ्या चुऱ्यावर घरबसल्या पीक येतं, तर लेकरं घेऊन परमुलखात कशाला राहायचं?

बी खराब निघालं, अशी तक्रार तुझ्या प्रयोगशाळेत आली. अर्ज मी लिहिला, हे तू अक्षरावरून ओळखलंच असशील.

बी खराब नव्हतं, दीपिका.

बांबूच्या डेपोतला चुरा निम्म्या पिशव्यांनाही पुरेना. वडशाच्या आरामशीनवर सागाचा भुसा फुकट मिळत होता. तो ट्रॅक्टरभर आणला आणि सगळ्यात मिसळला. तुझ्या कागदावर चौथी ओळ होती, 'सागाचा भुसा अजिबात वापरू नये.' बायकांना कागद मीच वाचून दाखवला. ती ओळ गाळली. पिशव्या निम्म्याच होणार म्हटल्यावर निम्म्या बायका मिरचीला गेल्या असत्या, आणि मला सगळ्या हव्या होत्या. मिसळला तर चालून जाईल, असं वाटलं. बी.एस्सी. झालेली ना मी!

गटातली सगळ्यात म्हातारी गुणाबाई तेव्हाच म्हणाली होती, "सागाच्या खोडाले वाळवी लागत नाई, पोरी. त्याच्यावर सात्या कुठून उगवतीन?" मी हसले होते.

तक्रारीवर बावीस बायकांपैकी एकवीस जणींचे अंगठे आहेत. बुधरीनं तर अर्ज ऐकलासुद्धा नाही. "तू लिवलं म्हणजे बराबरच असन," म्हणाली. गुणाबाईनं तेवढा अंगठा दिला नाही.

सोमवारी तुझी चौकशी आहे, नोकरी जाऊ शकते, हे परवा माझ्या भावाकडून, सुनीलकडून कळलं. तीन वर्षं राबून तू बांबूवर येणारं वाण तयार केलंस, आणि मी तुझ्याच मुळावर उठले. कुठं जाऊ, काय करू, काही सुचत नाही. हे पत्र तुझ्या साहेबांपुढं ठेव. माझं नाव झाकू नकोस. सुनील ते तुझ्याच हातात देईल.

इथवरचं सगळं आज सकाळी गोटुलमध्ये बायकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मग बुधरी तान्ह्याला पाठीशी बांधून उठली. "आता तरी पुरं वाचलं काय?" एवढंच विचारलं, आणि मिरचीची गाडी मिळते का पाहायला सडकेवर गेली.

खाली एक अंगठा आहे, तो गुणाबाईचा. बाकी कुणी दिला नाही.

तुझी म्हणवून घ्यायला तोंड नसलेली,
दिव्या बुधू कुमरे