चार बोटांचा हात

सोमवार, ३ तारीख

नवा वॉर्ड, नवी वही, नवे बूट. सहा खाटा, मोठ्या खिडक्या, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन. सगळे हाडांचे पेशंट. माझ्याकडे दोन कामं: एका खाटेवरचे जंतू दुसऱ्या खाटेवर जाऊ द्यायचे नाहीत, आणि पेशंटला पडू द्यायचं नाही. दुसऱ्या कामाची इथे कुणाला काळजीच नाही. दाराजवळच्या फळ्यावर लिहिलंय, शेवटचा पेशंट पडला त्याला नऊ वर्षं झाली. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, हा आकडा वर्षातून एकदा बदलला की झालं.

हे वाचून माझा जीव भांड्यात पडला. अकरा तारखेला आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, आणि तिला इथेच सहा नंबरची खाट मिळणार आहे. घंटी वाजवून कुणाची वाट बघणं तिच्या स्वभावात नाही. गेल्या वर्षी एकटीच उठली आणि बाथरूममध्ये पडली. दोन तास तशीच पडून होती. मी तेव्हा ड्यूटीवर, दुसऱ्यांच्या आयांना धरून चालवत होते.

मंगळवार, ४ तारीख

सगळ्यांना हात धुवायला शिकवलं. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट. आई मला उगाच फिनेल म्हणत नाही. डॉक्टर जांभई देत होते, त्यांना दोनदा धुवायला लावले.

मग कुणाला न सांगता एक नंबरच्या खाटेच्या कठड्याला चमकणारी पावडर लावली. साध्या उजेडात ती दिसत नाही, निळ्या दिव्याखाली दिसते. न धुतलेला हात कुठे कुठे फिरला ते उद्या कळेल.

बुधवार, ५ तारीख

दुपारी पडदे ओढून दिवा फिरवला. फोन चमकला, फायली चमकल्या, डॉक्टरांचा कान चमकला. मावशी, म्हणजे आमच्या आयाबाई, हसून हसून खाली बसल्या.

पण सहाही पेशंटच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, एक पंजा उमटलाय. चार बोटं. अंगठा नाही.

सगळ्यांचे हात पाहिले. अंगठे सगळ्यांना आहेत.

गुरुवार, ६ तारीख

मावशींना खोदून खोदून विचारलं. आधी टाळत होत्या, मग सांगितलं. इथे पूर्वी एक बाई होत्या, तीस वर्षं हा वॉर्ड त्यांनी सांभाळला. पडणाऱ्या पेशंटला सावरताना त्यांचा अंगठा खाटेच्या कठड्यात सापडला आणि तुटला. नऊ वर्षांपूर्वी त्या वारल्या. तेव्हापासून इथे कुणी पडलं नाही. मावशी म्हणाल्या, बाई रोज सगळ्यांच्या पाठीला हात देतात. त्यांना काही बोलू नका.

मी हसले. पण दुसरी गोष्ट हसण्यासारखी नाही. एक नंबरच्या जखमेत पू झाला होता. सोमवारी तो दोनमध्ये दिसला, आज तीनमध्ये. जंतू तोच. डॉक्टर म्हणाले, नव्या गुडघ्यात हा शिरला तर पाय वाचवणं कठीण.

एक, दोन, तीन. सहावी खाट आईची.

शुक्रवार, ७ तारीख

जे केलं ते लिहून ठेवते. सहाही पाठी औषधी साबणानं पुसल्या. मग वॉर्डच्या मधोमध उभी राहिले आणि सगळ्यांना झापते तशीच त्या चार बोटांच्या बाईलाही झापलं. म्हटलं, हात स्वच्छ होईपर्यंत माझ्या एकाही पेशंटला शिवायचं नाही.

पेशंट बघतच राहिले. मावशींनी तोंडाला पदर लावला.

रविवार, ९ तारीख

एकाही पाठीवर पंजा नाही. चार नंबरची जखम कोरडीच. जिंकले! फक्त बेसिनचा नळ सारखा सुरू असतो. बंद केला तरी पाठ वळली की पुन्हा पाणी. प्लंबर म्हणतो, नळात काही दोष नाही.

सोमवार, १० तारीख

तीन नंबरच्या आजी पडल्या. खाटेवर नीट बसल्या होत्या, दोन्ही कठडे वर. आजी म्हणतात, पाठीमागे टेकायला काहीतरी होतं, ते एकदम नाहीसं झालं.

फळ्यावर मोठ्या सिस्टरनी शून्य लिहिलं. माझ्याकडे बघितलंही नाही.

मंगळवार, ११ तारीख

आईचं ऑपरेशन छान झालं. शुद्धीवर येताच मला म्हणाली, फिनेल, तुझ्या हातांना किती वास येतो गं.

दुपारी एक नंबर पडला. चहाच्या वेळी पाच नंबर. नळ सुरूच. साबण कालच नवा ठेवला होता, आज त्याची चकती उरलीय.

बुधवार, १२ तारीख

दोन नंबरही. आईसाठी दुसऱ्या वॉर्डात खाट मागितली — पडलेल्यांना तिकडेच हलवलंय, जागा नाही. घरी न्यायचं म्हटलं — डॉक्टर ओरडले.

नळाला पावडर लावून दिवा धरला. चार बोटांचे ठसे. एकावर एक, एकावर एक, शेकडो. ती धुतेय. मी सांगितलं म्हणून धुतेय. शुक्रवारपासून.

बेसिनपाशी जाऊन हात जोडले. म्हटलं, बाई, पुरे झालं, झाले स्वच्छ, या. चुकले मी —

पाण्याची धार आणखी मोठी झाली.

गुरुवार, १३ तारीख, दुपार

चार नंबरही पडला. मावशी त्याला घेऊन एक्स-रेला गेल्यात, मोठ्या सिस्टरही. पाचही खाटा रिकाम्या. उरली आई.

सकाळपासून माझा डावा हात तिच्या पाठीवर आहे. मघाशी नाक पुसायला काढला — तेवढ्यात ती मागे कलली, कशी धरली माझं मला माहीत. हात धुतलेले नाहीत. मी! सकाळपासून!

झोप येतेय म्हणून लिहितेय, वही मांडीवर. घंटी दोनदा वाजवली — कुणी नाही. बेसिन भरून वाहतंय, पाणी खाटेखाली आलंय. आई काठावर बसलीय, पाय खाली सोडून. म्हणते, सोड गं, मी काय लहान आहे? नाही सोडणार. आई, नाही —

नळ थांबतच नाही. बाई, या ना, तशाच या —

पान संपत आलं. उलटायला दुसरा हात लागेल. क्षणभरच. आई, हलू नकोस हं, मी फक्त एवढं